सोवळ्यात गोळी चालत नाही

माझं नाव मी सांगत नाही, गावाचंही नाही. सेनगाव तालुक्यातलं एक गाव, एवढं पुरे. माणसांची नावं बदलली आहेत. बाकी काही बदललं नाही आणि गोड तर मुळीच केलं नाही. एखादी बाई दवाखान्यातून निघून, तोंडाला स्कार्फ बांधून एसटीच्या शेवटच्या बाकावर बसली असेल, तिच्या हाती हे लागलं तर बरं होईल. बाई, तू मरत नाहीस. आधी हे ऐक, रड मागाहून.

मला एचआयव्ही आहे. रोज गोळी घेते, भाकरी खाते, कामाला जाते. पण तो ज्या वाटेनं माझ्यापर्यंत आला, त्या वाटेची किळस काही जात नाही. ती जावी असं मला वाटतही नाही.

आमचं घर

माझं सासर म्हणजे गावातल्या महादेवाच्या पुजाऱ्याचं घर. पूजा भाऊबंदांत फिरते, एकेका घराकडं एकेक महिना. आमचा महिना आला की घरात कडक सोवळं. कांदा-लसूण बंद, बाहेरचं पाणीसुद्धा बंद. महिना संपला की माझा नवरा माधव पुन्हा ट्रकवर. हिंगोलीच्या बाजारात हळदीची पोती भरायची आणि सांगलीला, गुजरातला, जिथलं भाडं मिळेल तिकडं न्यायची. धाकटा दीर गजानन त्याच्याच गाडीवर क्लीनर होता. सासरे माझ्या लग्नाआधीच वारले होते. घरात राज्य सासूचं, आत्याबाईंचं.

माझ्या वडिलांनी हे घर का पसंत केलं? सोवळ्याचं घर, निर्व्यसनी पोरगं, देवाची सेवा. वडील सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत सांगत फिरले की लेक पवित्र घरात पडली.

रिपोर्ट

आमची पोरगी बालवाडीत जायला लागली त्या वर्षी माधवला खोकला लागला. हळदीची धूळ हाय, जाईल, म्हणून काढा दिला, अंगारा लावला. अंगावरचं मांस उतरलं तेव्हा दवाखाना आठवला. तोही हिंगोलीचा नाही. हिंगोलीत प्रत्येक रांगेत कुणीतरी ओळखीचं निघतं, म्हणून शेजारच्या जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात गेलो. टीबी निघाला. मग म्हणाले, याचं आणखी एक रक्त बघू. मग म्हणाले, बाईचंही बघू, लेकराचंही बघू.

काउन्सेलर मॅडमनी दार लोटून घेतलं. माझ्यापुढं पाण्याचा ग्लास सरकवला. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

"तुमच्या नवऱ्याला एचआयव्ही आहे. तुमचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय."

"मला? मी तर कुठं गेलेच न्हाई मॅडम," मी म्हणाले.

माझ्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. आज मला त्या वाक्याचाच राग येतो. जसं काही जाणाऱ्या बाईलाच हे व्हायला पाहिजे होतं आणि माझ्या वाट्याला चुकून आलं. मॅडमना अशी वाक्यं रोजची असावीत. त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्यासमोर बसणाऱ्या बहुतेक बायका कुठंच गेलेल्या नसतात."

मग त्यांनी नेमाप्रमाणं विचारलं, नवरा काय काम करतो, किती दिवस बाहेर असतो. ड्रायव्हर म्हणल्यावर त्यांनी मान हलवली. ट्रकवाले, कामाला परमुलुखात जाणारे, धंद्यावरच्या बाया, पुरुषांकडं जाणारे पुरुष, सुया टोचून घेणारे, यांना जोखमीचे म्हणतात हे मी त्या दिवशी शिकले. त्या यादीत बायकोचा खाना कुठला, असं मी विचारलं नाही. डोकंच चालत नव्हतं.

पोरीचा रिपोर्ट यायचा होता. त्या बाकावर मी देवाला जे जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पुजाऱ्याच्या सुनेनं देवाला तसं बोलू नये. पोरीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. तिला ते काय कळणार? तिला भूक लागली होती. गेटाबाहेर मी तिला केळं घेऊन दिलं. ती सालीसकट चावायला निघाली आणि मला हसू फुटलं. त्या दिवशी मी हसले होते, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

वॉर्डात

सकाळी फिनेल मारायचे. मग डॉक्टरांची फेरी, मग गोळ्या, मग थर्मासमधला चहा. शेजारच्या खाटेवरचे पाहुणे विचारायचे, काय झालंय? मी म्हणायची, टीबी. टीबी हा चांगला शब्द. तेवढ्यात भागतं.

एका दुपारी मी माधवला पेज भरवत होते. तो म्हणाला, "आईला माहीत व्हतं."

"काय माहीत व्हतं?"

"लग्नाच्या आधीच निघालं व्हतं. ट्रकवाल्याचं शिबिर लागलं व्हतं, तिथं रक्त घेतलं. गोळ्या बी चालू झाल्या व्हत्या."

"मग लग्न काहून केलं तुमी?"

"आई म्हणली, घरात बाई आली की मानूस बाहीर जात न्हाई. मंग रोग बी निवळतो."

पेजेची वाटी माझ्या हातात होती. फेकली नाही. पुढचा घास भरवला. पण त्याच्या ओठांची मला शिसारी आली, त्या दाढीला लागलेल्या पेजेची आली, आणि असल्या माणसाचं तोंड आपण पदरानं पुसतोय याची सगळ्यात जास्त आली. तो गेल्यापासून मी त्याला अहोजाहो करत नाही, लिहितानाही नाही.

मी विचारलं, गोळ्या चालू होत्या तर ही दशा कशी झाली?

"पूजेचा महिना आला की बंद ठेवायचो."

"कुणी सांगितलं असं?"

"सांगायला कशाला पायजे? सोवळ्यात गोळी चालत न्हाई. त्याच्यात काय काय घालतात. आन तीर्थ घेतोच की रोज."

रोज तीर्थ घ्यायचं आणि गोळी बंद करायची. महिना संपला की पुन्हा चालू, कधी गाडीवर विसरायची, मग पुढचा महिना आला की पुन्हा बंद. मॅडमनी मला नंतर समजावलं की असं सोडत-धरत घेतलं की रोग औषधाला सरावतो आणि मग औषधाला दाद देत नाही. माधवच्या रोगानं दाद दिली नाही. तो त्याच वॉर्डात गेला. मी रडले का? रडले. माझ्या पोरीचा बाप होता. पण रडताना मनात दुःख नव्हतं, किळस होती. लोक म्हणाले, बिचारीला धक्का बसला.

वाती

माधवचे दिवस झाले आणि आत्याबाईंनी माझं ताट वेगळं केलं. न्हाणीपलीकडची खोली दिली. मी समजू शकले असते. भीती सगळ्यांनाच असते. पण त्यांनी माझ्या हातातली कापसाची पुडी काढून घेतली.

"तुज्या हातच्या वाती देवाला नगं. नैवेद्याला बी हात लावू नको."

"आत्याबाई, तुमच्या लेकानं इतकी वर्षं पिंडीवर पाणी घातलं. त्याचं रक्त कोणतं व्हतं?"

"तो पुरुष मानूस. त्याचं येगळं. आन माज्या लेकराला खाल्लं तू, वर तोंड करून बोलती!"

घ्या. रोग त्यांच्या घरात आधीपासून होता, तो मला दिला, आणि खाल्लं मीच. या बाईला लिहिता-वाचता येतं, मोबाईलवर प्रवचन ऐकते. विटाळ बाईच्याच अंगाला चिकटतो, पुरुषाच्या अंगावरून पाण्यासारखा निथळून जातो, हे तिचं शास्त्र. थू त्या शास्त्रावर.

रांग

महिन्याच्या गोळ्यांसाठी मी शेजारच्या जिल्ह्यातच जात राहिले. गावात सांगायची, पोरीला दाखवायला चाललेय. मला नंतर कळलं की तिकडचे लोक लपून आमच्याकडं येतात. दोन एसट्या वाटेत एकमेकींना ओलांडतात आणि दोन्हींत तोंड बांधलेली माणसं बसलेली असतात. घरी जाण्याआधी सगळे स्टँडवर डबीचं लेबल खरवडून काढतात. गोळ्या वाजू नयेत म्हणून डबीत कापूस कोंबतात. हा कापूस कोंबायला मला पारूबाईनं शिकवलं.

पारूबाई धंदा करायची. पहिल्यांदा ती शेजारी बसली तेव्हा मी पदर आवरून घेतला, खोटं कशाला बोलू. मनात आलं, तुमच्यासारख्यांकडूनच आलंय हे आमच्या घरात. तिच्या ते बरोबर ध्यानात आलं.

"नवरा काय करत व्हता गं पोरी?"

"ट्रकवर व्हता."

"मंग त्यानं माज्यासारखीकडून नेलं, का माज्यासारखीला देऊन गेला, कोन सांगंल? आमी निरोध पुढं करतो तर गिऱ्हाईक शिव्या देतंय. जास्तीचे पैसे देतो म्हनतंय, पन ते नगं. आन तेच गिऱ्हाईक घरी जाऊन बायकोपाशी शहाजोग. बायकोनं निरोधाचं नाव काढलं तर म्हनंल, तू कुठं जाती का काय?"

मग ती हसली. तिला पुढचे दोन दात नव्हते. म्हणाली, "सुरवातीला रातच्याला चक्कर येईल, लई सपान पडतील. भिऊ नको. पोटभर जेवून गोळी घे आन गप पडून राहा. माझी सवय झाली, तुजी बी व्हईल."

झालीही. त्या सगळ्या काळात माझ्या पाठीवरून हात फिरवणारी पहिली बाई पारूबाई. माझ्या आईनंही फिरवला नव्हता. आई दारातूनच म्हणाली होती, जावयाचं काही बोलू नको, तुझ्या बहिणीचं लग्न व्हायचंय.

एकदा त्याच रांगेत माझ्यापुढं काही माणसं सोडून एकजण उभा होता, टोपी खाली ओढलेली. मानेवरचा तीळ बघून मी ओळखलं. गजानन. माझा दीर. नंबर आला, डबी घेतली, वळला आणि माझ्यासमोर आला.

बाहेर नळापाशी तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "वहिनी, तुमी मला पाहिलं न्हाई. मी तुमाला पाहिलं न्हाई."

"कधीपासून भाऊजी?"

"दादाच्या संगंच. जिथं दादा उतरायचा तिथं मी बी उतरायचो."

त्याला मिसरूड फुटलं तेव्हापासून तो माधवच्या गाडीवर. मोठ्या भावानं धाकट्याला गाडी शिकवली, गियर टाकायला शिकवलं आणि हेही शिकवलं. मला त्याची कीव आली. रांगेतला माणूस रांगेतच ठेवायचा, हा तिथल्या सगळ्यांचा नेम. मी हो म्हणाले आणि कुणापाशी बोलले नाही.

सोयरीक

पूजेचा महिना पुन्हा आमच्या घराकडं आला. आता गजानन सोवळ्यात. पहिल्याच सकाळी तो न्हाणीमागं आला आणि आपली डबी माझ्यापुढं धरली. "महिनाभर तुमच्यापाशी ठेवा. देवाच्या घरात नगं."

"दादाचं काय झालं ते पाहिलं ना तुमी? सोडू नका भाऊजी."

"महिन्याभरानं काय व्हतंय?"

आणि त्याच महिन्यात आत्याबाईंनी मुलीकडच्यांना बोलावलं. मुद्दाम. सोवळं नेसून, कपाळाला भस्म लावून पूजा करणारा पोरगा बघितला की कोण कशाला काय विचारेल? मुलगी हिंगोलीची, कोमल नाव. बाप कुठल्याशा कचेरीत क्लार्क. मला माझे वडीलच आठवले.

मी गजाननला म्हणाले, "लग्न करू नका असं मी म्हणत न्हाई. गोळी रोज घेतली, विषाणू तपासणीत दिसेनासा झाला, की बायकोला लागत न्हाई, मॅडमनीच सांगितलंय. लेकरं बी चांगली व्हतात. आपल्यासारख्याच मुलीशी बी लग्नं जमतात. पर तिला सांगा. गोळी सोडून आन तोंड शिवून करू नका."

"लग्न झालं की सांगन."

हेच. शब्द न् शब्द हेच माधव म्हणाला असेल आईला.

आत्याबाईंपाशी गेले. त्या म्हणाल्या, "तुजं वाटोळं झालं म्हनून त्याचं करायला निघाली का?"

मग मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "दुसऱ्याचा आजार तुम्हाला सांगता येणार नाही. तो सांगायचा हक्क त्याचाच, कायदाही तेच म्हणतो. मी त्याला बोलावून घेते, समजावते." मॅडमनी बोलावलं. तो गेला नाही. पूजेच्या महिन्यात शीव ओलांडायची नसते म्हणे. मी परत फोन केला. "माझा आजार तर माझा हाय ना मॅडम? तो मी कुणाला बी सांगू शकते?" मॅडम म्हणाल्या, "तो तुमचा आहे. पण नंतर तुम्ही कुठं राहाल, ते आधी ठरवा." मी पारूबाईला विचारलं. ती म्हणाली, हिंगोलीत माझ्या खोलीशेजारची खोली रिकामी आहे.

पाहुणे आले. मला सांगितलं होतं की पोरीला घेऊन मागंच बस, विधवा बाई पुढं नको. मी हात-पाय धुतले, धुतलेलं लुगडं नेसले आणि पुढच्या खोलीत जाऊन उभी राहिले. माझी पोरगी या गावच्या शाळेत होती, आणि आता हे सगळ्या गावाला कळणार होतं.

कोमलच्या आईनं विचारलं, "ह्या कोण?"

"मोठी सून," आत्याबाई म्हणाल्या. "तिची तब्येत बरी नसती. जा गं, पड जा."

"काय झालंय ते मीच सांगते," मी म्हणाले. "मला एचआयव्ही हाय. या घरात लग्न करून आले तवा नव्हता. माझ्या नवऱ्याला लग्नाआधीपासून व्हता. मला कुणी सांगितलं न्हाई आन मी बी विचारलं न्हाई. मी फक्त माझं आन माझ्या गेलेल्या नवऱ्याचं सांगून राहिले, दुसऱ्याचं न्हाई. पर लग्न कुणाशी बी करा, कुठल्या बी घरात करा, आधी दोघांचं बी रक्त तपासा. सरकारी दवाखान्यात फुकट व्हतं."

कोमलच्या बापानं पाय आखडून घेतले. मी त्याच्यापासून हातभर लांब उभी होते, तरी घेतले. आत्याबाईंनी कपाळ बडवायला सुरुवात केली, हिचं डोकं फिरलंय, नवरा गेल्यापासून अशीच करती.

कोमल पाटावर बसली होती. तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला आणि सरळ गजाननला विचारलं, "उद्या हिंगोलीला येता का? दोघं मिळून तपासू."

गजानन म्हणाला, "पूजेचा महिना हाय. सोवळ्यात सुई टोचून घेता येत न्हाई."

"मग महिना संपल्यावर?"

तो पूजेला उशीर होतोय म्हणत उठला. बापानं कोमलला दंडाला धरून उठवलं. जीपमध्ये चढता चढता तो मला म्हणाला, "लाज वाटायला पाहिजे तुम्हाला. लग्नाच्या घरात असलं घाण बोलता." ऐका! बोलले ती घाण. भस्म लावून बसली होती ती नव्हे.

दिवे लागायच्या आत माझी वळकटी अंगणात पडली. मी गजाननची डबी त्याच्या हातात दिली, पोरीला घेतलं आणि निघाले. तो डबी धरून तसाच उभा होता. आत्याबाई ओरडत होत्या, सोवळ्यात त्याला शिवली, सोवळ्यात शिवली!

त्यानंतर

आता मी हिंगोलीत राहते. हळद निवडायला जाते. गोळ्याही आता हिंगोलीच्याच दवाखान्यातून घेते, तोंड न बांधता. ज्याला बघायचं त्यानं बघावं. गावात माझ्याबद्दल काय काय बोलतात ते मला येऊन सांगणारे पुष्कळ आहेत. पोरीला नव्या शाळेत घातलं. पहिले काही दिवस ती रडली, आता जाते.

मला वाटलं होतं, ती सोयरीक त्याच दिवशी मोडली. नव्हती मोडली. कोमलचा फोन आला तेव्हा कळलं. माझा नंबर तिनं कुठून मिळवला देव जाणे.

"बाबा म्हणत होते, त्या बाईचं मनावर घेऊ नको, घर चांगलं आहे. तारीख काढायला निघाले होते. मी म्हणलं, मुलाचा रिपोर्ट दाखवा. तिकडून रिपोर्ट आला नाही, निरोप आला की देवाच्या माणसावर संशय घेता का. मग मी नाही म्हणलं. जेवायचं सोडलं, पण नाही म्हणलं."

"मग?"

"मोडलं. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. आई रडते."

"रडू दे. तू जेवत जा आता."

मग म्हणाली, "वहिनी, एक विचारू? तुमच्या वेळी सांगणारं कुणीच नव्हतं का?"

मला मागाहून सगळं कळलं होतं. शिबिरात रक्त दिलं तेव्हा माधवसोबत गाडीवरचे दुसरे ड्रायव्हर होते. गोळ्या आणायला त्याच्या मागं मोटरसायकलवर भाऊबंदातलं कुणी ना कुणी बसून जायचं. माझ्या लग्नात ते सगळे होते. वरातीत त्याला खांद्यावर घेऊन नाचले, मला वहिनी वहिनी म्हणत फोटो काढले.

"व्हते की," मी म्हणाले. "पंगतीत जेवून गेले."